बिडीच्या गल्लीत लोहाचं औषध

निपाणी भागात मी गेलो होतो एका पत्रकाची भाषा तपासायला. प्रत्यक्षात तिथल्या मुक्कामातले दोन दिवस मी पोट साफ होण्याची वाट बघण्यात काढले, आणि माझ्याबरोबर एक अख्खी गल्ली वाट बघत होती. माझं वय एकसष्ट. एवढ्या आयुष्यात माझ्या पोटाची चौकशी इतक्या आपुलकीनं कुणी केली नव्हती, घरच्यांनीही नाही.

आधी मी कोण ते सांगतो. पुण्यात एका संस्थेसाठी मी आरोग्याची पत्रकं लिहितो. लिहितो म्हणजे डॉक्टर लोक जे खरडतात ते वाचण्याजोगं करतो. मला वैद्यकातलं काही कळत नाही आणि तान्ह्या बाळांतलं त्याहून कमी. माझ्या मुलीला ती लहान असताना मी घेतलं ते बहुतेक फोटोपुरतं. पण ऱ्हस्व-दीर्घ पक्कं आहे, त्यामुळे सहा महिन्यांपुढच्या बाळांना लोह कसं द्यावं हे मीच महाराष्ट्राला सांगायचं ठरलं. बाळ आईच्या पोटातून येताना लोहाची शिदोरी घेऊन येतं, ती सहाएक महिन्यांत संपत येते, पुढे नुसत्या दुधावर भागत नाही. लोह कमी पडलं की बाळ फिकट होतं, मलूल होतं, खात नाही, रांगायला उशीर करतं. म्हणून आठवड्यातून दोनदा एक मिली औषध, जोडीला नाचणी, डाळ, पालेभाजी, अंडं. एवढा मजकूर. कागद गुळगुळीत, वर एक हसरं बाळ.

हे पत्रक सीमाभागात वाटलं गेलं, आणि काही महिन्यांनी निरोप आला की निपाणीकडच्या एका गावात औषधाच्या बाटल्या घरोघरी भरलेल्याच आहेत. संस्थेत बैठक झाली. बाटलीवरचा मजकूर कानडी आणि इंग्रजी, बायका मराठी, तेव्हा हा भाषेचा प्रश्न आहे, असं मी म्हणालो आणि सगळ्यांनी माना हलवल्या. सीमाभाग म्हटलं की पुण्यात बसून दुसरा प्रश्न सुचतच नाही. मग तुम्हीच जाऊन या, असं ठरलं. मी दोन शब्दकोश पिशवीत घालून निघालो.

वडगाव

पहिला मुक्काम बेळगावात, वडगावला, एका मित्राच्या मेहुण्याकडे. त्यांना सगळे आप्पा म्हणतात. पुढच्या खोलीत साड्यांचे पॉवरलूम, मागच्या खोलीत संसार, मध्ये एक पडदा. माग सुरू झाले की मला स्वतःचा विचारसुद्धा ऐकू येईना. त्या घरातली माणसं मात्र त्या खडखडाटात अगदी हळू आवाजात बोलतात आणि त्यांना एकमेकांचं सगळं कळतं. मी आपला ओरडतोय. तेवढ्यात लाइट गेली, माग थांबले, आणि त्या शांततेत मी आप्पांच्या सुनेच्या अंगावर खेकसल्यासारखा ओरडलो, "साखर कमी!" ती बिचारी दचकली. नंतर दिवसभर मला बिनसाखरेचा चहा मिळाला.

चहावरून आठवलं. आमच्याकडे पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात आणि त्या विचारण्यातच उत्तर असतं. इथे विचारत नाहीत. कप येतो. दुपारपर्यंत माझे पाच झाले. आप्पांचा वर्षा-सव्वा वर्षाचा नातू मांडीवर बसून बशीतल्या चहात बटर बुडवून खात होता. बटर म्हणजे लोणी नव्हे, टोस्टचा गोल भाऊ. आता मला राहवेना. चहामुळे खाण्यातलं लोह अंगी लागत नाही, लहान मुलाला तर चहा देऊच नये, हे मी स्वतःच लिहिलेलं होतं. मी चांगलं दहा मिनिटं भाषण केलं. आप्पांनी मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग पडद्याकडे वळून म्हणाले, "अगं, सरांचा घसा वाळला. च्या टाक गं."

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "निपाणीला कशाला जायल्यासा सर?"

"भाषेचा प्रश्न आहे. मराठी आणि कानडी."

"आमाला दोनी येत्यात की ओ," आप्पा म्हणाले. "निपाणीच्या बायकास्नी बी येत्यात. अडचण तुमालाच दिसायल्या."

मी हसलो. सामान्य माणसाला अशा गोष्टींची खोली कळत नाही, असं मनात म्हणालो. हे इथे लिहायला लाज वाटते, पण म्हणालो खरं.

दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बसमध्ये बसलो. बसची पाटी मला वाचता येईना. शेजारच्या बाईनं मला मराठीत सांगितलं, कंडक्टरला कानडीत सांगितलं आणि फोनवर कुणाला तरी हिंदीत झापलं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट असल्यामुळे अख्ख्या गाडीत पैसे देऊन बसलेला बहुधा मी एकटाच होतो. बाहेर दुतर्फा ऊस. भाषेचा प्रश्न काही मला वाटेत भेटला नाही.

गल्ली

निपाणीच्या स्टँडवर शांताक्का स्कूटर घेऊन आल्या होत्या. त्या तिथल्या आशाताई, म्हणजे गावातल्या आया आणि बाळांची खबर ठेवणाऱ्या. वय पंचेचाळीसच्या पुढे, आवाज खणखणीत. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या म्हातारीला ते खपायचं नाही. त्यांनी मला मागे बसवलं आणि अशी गाडी हाणली की एका वळणावर माझा कन्नड कोश पिशवीतून उसळून थेट उसाच्या पाटात गेला. मी थांबा थांबा म्हणून ओरडलो. त्यांनी वळून बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ द्या सर. ऊस शिकंल कानडी."

गल्लीत शिरल्याबरोबर मला शिंका सुरू झाल्या. सलग नऊ. निपाणीचा भाग तंबाखूचा, आणि या गल्लीत घरोघरी बायका विड्या वळतात. उंबऱ्याशी बसायचं, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान उचललं, चिमूट टाकली, वळलं, दोरा मारला. बोटांकडे बघतसुद्धा नाहीत. माझी प्रत्येक शिंक बायका मोजत होत्या आणि नवव्या शिंकेला टाळ्या पडल्या.

एक गोष्ट मला लगेच दिसली. ज्या घरात तान्हं मूल, त्या घराच्या बाहेर खुंटीवर एक जुनी साडी. शांताक्कांनी सांगितलं, ते तंबाखूचं लुगडं. विड्या वळताना ते अंगावर गुंडाळायचं. पोराला घ्यायचं झालं की ते बाहेर काढून ठेवायचं, कोपरापर्यंत हात साबणानं धुवायचे, मगच झोळीला हात लावायचा. चिमूटभर तंबाखू पोराच्या तोंडात गेली तर काय होतं हे या गल्लीला शिकवायला नको. आमच्याकडे सोवळं देवासाठी असतं, इथे मी ते बाळासाठी पाहिलं आणि आमच्यापेक्षा कडक पाहिलं.

"आता तुमचा तो प्रश्न दाखवते चला," शांताक्का म्हणाल्या. "भाषा-बिषा काय न्हाय हां सर, आदीच सांगते."

घर तानाक्काचं. सत्तरीची, गल्लीतली सगळ्यात जुनी विडी वळणारी. तिचा मुलगा कागलला कारखान्यात कामाला, आठवड्यानं घरी येतो. सून सुरेखा, चोवीस-पंचवीसची, आत भिंतीला टेकून उभी होती. आणि तानाक्काच्या मांडीवर आदू, नऊ महिन्यांचा. मी पत्रकावर छापलेलं बाळ आणि हे बाळ यात काही म्हणजे काही साम्य नव्हतं. हे हसत नव्हतं, रडतही नव्हतं. शांताक्कांनी त्याचा तळवा उघडून दाखवला, खालची पापणी ओढून दाखवली. भिंतीला चुना असतो तशी पांढरी.

"तालुक्याला रगत तपासलंय," शांताक्का म्हणाल्या. "लई कमी हाय. डाक्टरनं रोज द्या म्हणून सांगितलंय औषध. आणि ही बाटली बगा." कपाटावर बाटली होती, जवळजवळ भरलेली.

"का देत नाही?" मी विचारलं.

तानाक्कानं मला आपादमस्तक बघितलं. मग तिनं जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण त्यात मला आजही चूक काढता येत नाही.

"दिलं की. सुरेखानंच दिलं, दोन-तीन दीस. पोराची शी काळी झाली. काळी म्हंजे डांबरावानी. आता ह्या घरात काळं काय हाय? तंबाखू. पोराजवळ कोण असतंय? आई. म्या म्हनलं, हिनं हात धुतलं न्हाईत, पोरानं तंबाखू खाल्ली. पोराला हिच्याकडनं काढून घेतलं. माझ्याजवळ ठिवलं, म्या सुपाला हात लावला न्हाय, हिला अंगावर पाजाय बी दिलं न्हाय, दुधातनं जायाचं तंबाखूचं इख. आनि काय झालं? दोन दिसात शी पिवळी. आता बोला."

औषध सुरेखा देत होती. पोर तिच्याकडून काढून घेतलं तेव्हा औषधही बंद झालं, म्हणून शी पिवळी झाली. पण म्हातारीच्या बाजूनं पाहिलं तर पुरावा चोख होता. तिनं संशय घेतला, कारण बाजूला केलं, फरक पडला. गल्लीत ही बातमी गेली आणि ज्यांच्या ज्यांच्या पोरांची शी काळी होत होती त्या सगळ्या आयांवर एकाच दिवशी आळ आला. कुणी सासूला भिऊन औषध थांबवलं, कुणी स्वतःलाच भिऊन.

"उद्या त्याला चिकोडीला न्हेते," तानाक्का म्हणाली. "माझ्या लेकीकडं. तितं तंबाखू न्हाय. ऱ्हाऊ दे चार-सा म्हयनं."

दाराजवळ बाळाच्या कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती. सुरेखा त्या पिशवीकडे बघत होती.

"पण शांताक्का, औषधानं शी काळी होते हे तुम्ही सांगितलं नाही का यांना?"

"सांगितलं की ओ! घसा कोरडा पडंस्तवर सांगितलं. म्हातारी म्हणते, कागदावर कुठं हाय?"

तानाक्कानं देव्हाऱ्यामागून एक कागद काढला. गुळगुळीत, चार घड्या घातलेला. माझं पत्रक. "ह्यो गल्लीतल्या दोगांकडनं मी तीन बारी वाचून घेतलाय," ती म्हणाली. "च्या देऊ नका लिवलंय. हात धुवा लिवलंय. अंडं लिवलंय. बाटली पोरांच्या हाताला येऊ देऊ नका, ते बी लिवलंय. एवढं समदं लिवणारा शान्यासुरता माणूस एवढी मोठी गोष्ट इसरंल व्हय? न्हाय लिवलं म्हंजे तसं होत न्हाय."

"ही ओळ आहे ना," मी चाचरत बोट ठेवलं. "प्रकृतीत काही किरकोळ बदल संभवतात."

"काळीकुट्ट शी किरकोळ व्हय?"

माझ्या मजकुराला आयुष्यात इतका बारकाईनं वाचणारा वाचक मिळाला नव्हता, आणि त्या वाचकाला वाचता येत नव्हतं. मला सगळं आठवलं. डॉक्टरांनी पाठवलेल्या मसुद्यात वाक्य स्पष्ट होतं, की औषध सुरू असताना बाळाची शी काळी होते, घाबरू नये. ते मी काढलं होतं. इतक्या छान कागदावर, हसऱ्या बाळाच्या खाली, तो शब्द मला बघवेना. डॉक्टरांनी फोन केला तेव्हा मी त्यांना म्हणालो होतो, "सूचक ठेवू या." आणि ते किरकोळ बदल मी घातले होते.

गप्प बसता आलं असतं. पुण्याला जाऊन भाषेच्या प्रश्नावर चार पानांचा अहवालही देता आला असता. पण ती पिशवी दारात होती.

"ती ओळ होती," मी म्हणालो. "मी काढली. हा कागद मीच लिहिलाय."

तानाक्कानं कागदाची घडी घातली. "का काढली?"

"बरं दिसत नव्हतं."

"काय बरं दिसत न्हवतं?"

"तो... शब्द."

"पोर शी करतंय, त्यात बरं न दिसाय काय झालं? तुमास्नी पोरं हायत?"

"एक मुलगी आहे."

"तिचं कोण काढत व्हतं?"

"तिची आई."

"व्हय," तानाक्का म्हणाली. "मगच."

दारात जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मला हसू आलं नाही. तानाक्कालाही आलं नाही. ती म्हणाली, "तोंडानं एक सांगतासा, कागदावर एक लिवतासा. मी कशावर इस्वास ठेवू? असं करा. रगताची गोळी तुमीच खावा. तुमची काळी झाली तर खरं."

त्याच्या आधी तिनं मला तीनदा विचारून घेतलं, तंबाखू खाता का, विडी ओढता का, मशेरी लावता का. पुण्यातल्या बैठकीत इतका काटेकोर विचार कुणी केला नव्हता, मी तर नाहीच. शांताक्कांनी मला कुठला आजार आहे का, औषधं काय चालू आहेत, ते सगळं विचारलं आणि मोठ्या माणसांची लोहाची गोळी दिली, उद्यासाठी आणखी एक दिली. भर गल्लीत, वीसेक बायकांच्या देखत मी ती पाण्याबरोबर गिळली.

"गुरवारपत्तोर थांबते," तानाक्का म्हणाली. "न्हाय झाली तर गुरवारी सकाळच्या गाडीनं चिकोडी."

निपाणीचा लॉज

मंगळवार होता. मी निर्धास्त होतो. रात्री जेवणात भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा खर्डा होता. असला खर्डा पुण्यात खाल्ला असता तर पहाटेच निकाल लागला असता.

या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, ही गोष्ट मला माहीत नव्हती. तीसुद्धा मसुद्यात असणार, मोठ्यांच्या पत्रकात, आणि तीसुद्धा मीच सूचक केली असणार.

बुधवारी सकाळी सात वाजता फोन. "सर, झालं का?"

"नाही."

"चालतंय. गरम पानी प्या." नऊला परत फोन. "झालं?" अकराला मी गल्लीत गेलो तर पहिल्याच उंबऱ्यावरून हाक आली, "काय ओ सर, झालं व्हय?" दुसऱ्या उंबऱ्यावर एकीनं पपईची फोड पुढे केली. तिसरीनं तिच्या दिराला काय लागू पडतं ते सविस्तर सांगितलं. मी, ज्यानं कागदावर तो शब्द येऊ दिला नाही, तो आता गल्लीभर मान हलवत नाही नाही म्हणत चाललो होतो. पुण्यात कुणी माझ्या प्रकृतीची अशी जाहीर वास्तपुस्त केली असती तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. इथे मी पपई खाल्ली.

तानाक्काच्या घराशी गेलो. ती आदूला घेऊन पुढे बसलेली. शांताक्का आत आहेत म्हणून मी बाजूच्या बोळातून मागच्या अंगाला गेलो आणि तिथेच थांबलो. धुण्याच्या दगडापाशी सुरेखा पाठमोरी उकिडवी बसली होती. ती आपलं दूध पिळून मोरीत टाकत होती. पोर चार भिंतींच्या पलीकडे म्हातारीच्या मांडीवर भुकेनं कुरकुरत होतं, आणि इथे ते दूध पाण्याबरोबर वाहून जात होतं.

मी पाऊल न वाजवता परत फिरलो. शांताक्का मागून आल्या. "ईस दीस झालं," त्या म्हणाल्या. "काढलं न्हाय तर दुखतंय, आणि पोर वडीना म्हटल्यावर आटत बी चाललंय. गुरवारी चिकोडीला गेलं की संपलं बगा."

मला फार वाईट वाटलं. वाईट वाटलं हा शब्दही अपुरा आहे, माझी मला किळस आली. एका शब्दाचा विटाळ नको म्हणून मी एका आईच्या हातांना विटाळ लावून ठेवला होता. आणि आता तिची सगळी भिस्त माझ्या पोटावर, आणि पोट ढिम्म. त्या दिवशी मी लॉजमध्ये दोन पपया आणि सहा केळी खाल्ली, वर तांब्यानं गरम पाणी प्यायलो. संध्याकाळी निपाणीच्या बाजारातून भराभर चार फेऱ्या मारल्या. जन्मात कधी देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं, आणि काय मागितलं ते सांगायला नको.

गुरुवारी सकाळी साडेसहाला देव पावला.

खाली वाकून खात्री करून घेतली. काळी. डांबरावानी, म्हातारीचा शब्द अगदी बरोबर होता. मी तसाच रिक्षा करून गावाकडे निघालो. रिक्षावाल्यानं विचारलं, एवढी घाई कसली, कुणी आजारी हाय व्हय? मी म्हणालो, नाही, आनंदाची बातमी आहे.

गुरुवार

गल्ली जागीच होती. तानाक्का नेसून-सवरून उंबऱ्यावर, आदू मांडीवर, पिशवी शेजारी. मी वाटेत वाक्य तयार केलं होतं.

"तानाक्का, अपेक्षित बदल दिसून आलेला आहे."

"काय ते नीट सांगा."

"शी काळी झाली!" मी ओरडलो. वडगावला मागासमोर ओरडलो होतो त्यापेक्षा मोठ्यानं. उंबऱ्याउंबऱ्यावर हशा पिकला. तानाक्का तेवढी शांत.

"ठावं हाय मला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"परक्या बाप्याचं म्या कसं बगनार? आनि तुमी एकदा कागदावर खोटं लिवलेलं माणूस. म्हणून म्या बी घेतली. सुरेखाच्या बाळंतपनाआदीच्या गोळ्या डब्यात हायत, तिनं बी निम्म्या खाल्ल्या न्हाईत. माजी काल सांजंलाच झाली. काळी."

"अहो, मग मला निरोप तरी द्यायचा! मी किती..."

"म्हनलं, सोसू द्या जरा," तानाक्का म्हणाली.

तिचं बरोबरच होतं. शांताक्कांनी बाटली काढली, ड्रॉपर भरला. तानाक्कानं तो त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतः आदूच्या गालाच्या आत हळूच सोडला. आदूनं तोंड वेंगाडलं, म्हणजे चवीवरून त्याला राग आला, आणि तो राग बघून सगळ्यांना बरं वाटलं. समोरच्या दोघी-तिघी उठून आपापल्या घरात गेल्या आणि बाटल्या घेऊन बाहेर आल्या. कुणीतरी चहा ठेवला. शांताक्का ओरडल्या, "पोरास्नी न्हाय हां च्या!" चिकोडीची गाडी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. तानाक्कानं पिशवी पायानंच आत सरकवली.

काम झालं होतं. मी उठायच्या बेतात होतो. तेव्हा सुरेखा आतून आली. तीन दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"सर, ते कागदावर लिवनार न्हवं आता?"

"लिहिणार तर. पुण्याला गेलो की लगेच नवीन छापून..."

"आत्ता लिवा."

शांताक्कांच्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. मी पेन काढलं, वरचं पत्रक गुडघ्यावर घेतलं आणि हसऱ्या बाळाच्या खाली, मोकळ्या जागेत लिहिलं, औषध सुरू असताना बाळाची शी काळी होते. घाबरू नका. सुरेखा शेजारी उभी राहून अक्षर अक्षर बघत होती.

"फुडं लिवा," ती म्हणाली.

"पुढे काय?"

"आईनं काय केलेलं न्हाय, असं लिवा."

ती वैद्यकीय माहिती नव्हती. पस्तीस वर्षं मी असली वाक्यं पाहताक्षणी खोडत आलो आहे. मी तिच्याकडे बघितलं. मग लिहिलं, यात आईची काही चूक नाही.

तिनं पत्रक माझ्या हातातून घेतलं. उंबऱ्याशी गेली. सासूच्या पुढ्यात उभी राहिली, आणि गल्लीतल्या बायकांची सुपं थांबेपर्यंत थांबली. मग मोठ्यानं वाचलं, तिन्ही वाक्यं, शेवटचं जरा सावकाश.

तानाक्का खाली बघत होती. आदूनं तिच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं, ते तिनं सोडवलं.

"परत वाच," ती म्हणाली.

सुरेखानं परत वाचलं. या खेपेला शेवटच्या वाक्यावर तिचा आवाज फुटला, पण तिनं ते पुरं केलं. तिसऱ्यांदा वाचायची वेळ आली नाही, कारण तोवर म्हातारीनं पोर उचलून तिच्या ओटीत घातलं होतं.